सतरा इंची चाकं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

आमच्या गाडीची चाकं मी सोळा इंचांवरून सतरा इंचांवर नेली. पहिल्या चौकशीपासून सगळं नीट लागेपर्यंत बरोबर सात आठवडे गेले. चाकं बसवायला त्यातले अडीच तास लागले. बाकीचा जवळजवळ सगळा वेळ गेला तो टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणाऱ्या पिवळ्या दिव्यापायी. कुठे अडले, कुणाला काय विचारायला हवं होतं आणि खर्च किती झाला ते तारखांसकट लिहून ठेवते. मोठी चाकं घालायचा विचार करणाऱ्या कुणाचे तरी दोन शनिवार वाचतील.

आधी त्या दिव्याचं मला एवढं का, ते सांगते. फेब्रुवारी २०२४. कारंजा लाडहून बाबांना घेऊन मी समृद्धी महामार्गाने मुंबईला येत होते. जालना मागे पडलं, अंधार झाला होता, बाबा मागच्या सीटवर झोपले होते. अचानक दिवा लागला, आणि पडद्यावर मागच्या डाव्या चाकासमोर २४ हा हवेच्या दाबाचा आकडा (पीएसआयमध्ये) दिसला. तिथे ३३ असायला हवा. स्टिअरिंगला काही जाणवत नव्हतं, आवाज नव्हता. वेग कमी करत पुढच्या इंटरचेंजला खाली उतरले. पंक्चरवाल्याने टायर सोडवला आणि आत हात फिरवून बोटं माझ्यासमोर धरली. काळी भुकटी लागली होती. कमी हवेवर टायर धावला की त्याच्या बाजूची भिंत चेंगरत राहते, तापते आणि आतून रबर झिजून अशी पूड पडते. "ताई, अजून थोडं गेल्या असत्या तर फुटलाच होता," एवढंच तो म्हणाला. मागे झोपलेल्या बाबांकडे पाहून माझे हात थरथरले होते. त्या रात्रीपासून तो दिवा मला घरातल्या माणसासारखा वाटतो.

गाडी २०२० मध्ये घेतलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ५१,००० किलोमीटर झाले होते आणि टायरची नक्षी झिजखुणेपर्यंत आली होती. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरवर, की टायर संपला. मूळ माप होतं २०५/६५ आर१६: रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिमचा व्यास १६ इंच. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी २१५/६० आर१७ देते. ती चाकं मला पहिल्यापासून आवडायची, आणि टायर बदलायचेच होते.

मापाचा हिशोब घरीच करता येतो. टायरची रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करून रिमचा व्यास मिळवायचा. जुन्या टायरचा व्यास ६७२.९ मिलिमीटर, नव्याचा ६८९.८, म्हणजे अडीच टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात ५३ मिलिमीटर जास्त अंतर कापणार. बाजूची भिंत १३३ वरून १२९ मिलिमीटरवर येणार होती. चार मिलिमीटरचाच फरक, म्हणून खड्ड्यांची भीती कमी झाली. हीच चाकं अठरा इंची आणि ५० टक्क्यांची असती तर आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर मी घातली नसती. टायरवर मापापुढे असतो तो भार आणि वेगाचा संकेतही पाहिला. जुना ९५एच होता, नवा ९६एच. ९५ म्हणजे एका चाकावर ६९० किलो, ९६ म्हणजे ७१०. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

कंपनी याच मॉडेलला देते तेच माप घेण्यामागे आणखी एक कारण होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. मडगार्डच्या बाहेर येणारी चाकं घालून रोज पोलीस आणि विमा कंपनीची काळजी करत बसणं मला नको होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. कलिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन दुकानं फिरले. अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, दाखवायला सगळे उत्साही. पाच नट, ११४.३ चा पीसीडी (नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), मधल्या भोकाचा व्यास ही सगळी मापं त्यांना तोंडपाठ. मी विचारलं, "टायरच्या हवेचे सेन्सर आहेत गाडीत. त्यांचं काय करणार?" तिन्ही ठिकाणी उत्तर एकच: "वो लाईट का टेन्शन मत लो मॅडम, बंद करके देंगे."

एकाने तर तो दिवाच डॅशबोर्डवरून कायमचा घालवून देण्याची तयारी दाखवली. मी निघून आले. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. टायर ट्यूबलेस असतील, दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल आणि पंक्चरचं किट दिलेलं असेल तर गाडीसोबत स्टेपनी द्यायचं बंधन राहिलं नाही. म्हणजे अनेक नव्या गाड्यांमध्ये स्टेपनीऐवजी हा दिवाच आहे. तो कुणी बंद करून देतो म्हणालं तर कृपा करून हो म्हणू नका.

घरी येऊन मॅन्युअल वाचलं, तेव्हा मुळात यंत्रणा दोन प्रकारच्या असतात हे नीट कळलं. एका प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झाली की चाक थोडं बसतं, त्याची त्रिज्या घटते आणि ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं. ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे वेग मोजणारे सेन्सर हा फरक पकडतात. माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या गाडीत हीच पद्धत आहे. तिने चाकं बदलल्यावर हवा नीट भरली, मेन्यूत जाऊन रीसेट केलं, थोडा वेळ गाडी चालवली आणि काम झालं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, बॅटरी असलेला छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. माझी गाडी या प्रकारातली. ओळखायची सोपी खूण म्हणजे पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर सेन्सर चाकात आहेत. व्हॉल्व्ह धातूचा असून त्याला बुडाशी नट असेल तरीही बहुधा सेन्सर आहेच. मात्र रबरी व्हॉल्व्ह दिसला म्हणून सेन्सर नाही असं समजू नका, रबरी देठाचेही सेन्सर येतात.

माझी योजना साधी होती. जुन्या रिममधले चार सेन्सर काढून नव्यांत घालायचे. ओळख क्रमांक तेच, त्यामुळे गाडीला काही शिकवायची गरज नाही आणि खर्च फक्त मजुरीचा.

१ सप्टेंबरला विमा कंपनीला ईमेल केला: गाडीचं मॉडेल, मूळ माप, नवं माप, अंदाजे किंमत. सहा दिवस उत्तर नाही. सातव्या दिवशी आलं, की बसवल्यावर बिल आणि चारही बाजूंचे फोटो पाठवा, अलॉयची किंमत पॉलिसीत जोडू. एवढंच होतं, पण ते लेखी मिळालं. फोनवर झालेल्या बोलण्यावर विसंबू नका.

मधे आणखी तीन आठवडे मी मुद्दाम थांबले. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्के होणार हे जाहीर झालं होतं. ऑगस्टमध्ये मला एका टायरचा भाव ११,२०० मिळाला होता. २२ नंतर तोच १०,३२५ ला पडला. चार टायरमागे ३,५०० रुपये वाचले. घेताना टायरच्या भिंतीवरची चार अंकी तारीख वाचली. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरवर २६२५ होतं, म्हणजे २०२५ चा सव्विसावा आठवडा. अलॉयची चार चाकं ३८,००० ला घेतली, मजबुतीच्या चाचणीची जपानी जेडब्ल्यूएल खूण पाहून.

२७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी दहा. नवरात्राची गर्दी, दसऱ्याआधी चाकं व्हावीत ही माझीच इच्छा. कारागिराला मी दोनदा सांगितलं की आत सेन्सर आहेत. टायरची कड रिमपासून सोडवताना मशीनचा दाबणारा पंजा व्हॉल्व्हपासून लांब लावावा लागतो, नाहीतर तो थेट सेन्सरवर येतो. पहिली दोन चाकं नीट झाली. तिसऱ्याला फोनवर बोलता बोलता त्याने पंजा व्हॉल्व्हच्या शेजारीच लावला आणि कडकन आवाज आला. सेन्सरचा काळा डबा दोन तुकड्यांत बाहेर आला.

चौथ्याचं दुखणं वेगळंच निघालं, आणि त्यात चूक माझी होती. दोन वर्षांपूर्वी एका सिग्नलवर मी चकचकीत धातूच्या टोप्या विकत घेऊन व्हॉल्व्हला लावल्या होत्या. या सेन्सरचा देठ अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर वेगळ्या धातूची टोपी किंवा आत साधी पितळी पिन बसली की ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो, आणि आपल्याकडे तर खारी हवा आणि चार महिने पाऊस. टोपी देठाला चिकटून एकजीव झाली होती. पक्कडीने फिरवल्यावर टोपीबरोबर देठच तुटून हातात आला. अशा सेन्सरला निकेलचा मुलामा असलेली पिन आणि प्लॅस्टिकची टोपी एवढंच चालतं. तुमच्या गाडीला शोभेच्या टोप्या असतील तर आजच हलक्या हाताने काढून पाहा.

दुकानदाराने फुटलेल्या सेन्सरबद्दल मजुरीतले पाचशे कमी केले. दोन चाकांत जुने सेन्सर आणि दोन चाकांत साधे रबरी व्हॉल्व्ह अशी गाडी घेऊन मी निघाले. बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून २,२०० झाले. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना, हे तिथेच पाहून घेतलं. ऐंशी किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पान्याने पुन्हा तपासले. नवीन अलॉयचे नट थोडं चालवल्यावर जागी बसतात आणि सैल होऊ शकतात, म्हणून हे करायचंच.

गाडी सुरू केली की आता दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग लागून राहायचा. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुरुवातीपासून स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड, सेन्सर ऐकू येत नाही. पडद्यावर दोन आकडे आणि दोन जागी नुसत्या रेघा.

त्याच रात्री एका संकेतस्थळावर चार सेन्सर मागवले. वर्णनात माझ्या गाडीचं नाव होतं, किंमत प्रत्येकी १,४००. २ ऑक्टोबरला दसरा. झेंडूचं तोरण बांधलं, नव्या चाकांना हळदकुंकू लावलं, आईने नारळ वाढवला, आणि गाडी सुरू केल्यावर दिवा लुकलुकला. सगळे चाकांचं कौतुक करत होते, माझं मन त्या दोन रेघांपाशी अडकलं होतं. ३ तारखेला पार्सल आलं. डब्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: ३१५ मेगाहर्ट्झ. माझ्या जुन्या सेन्सरवर ४३३ होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ वर बोलतात, युरोपात आणि आपल्याकडच्या गाड्यांत सहसा ४३३. आकार, देठ, नट सगळं जुळेल, बसेलही, पण गाडीला ते कधीच ऐकू येणार नाही. बसवल्यानंतर कळलं असतं तर चार टायर पुन्हा सोडवावे लागले असते. परत पाठवले, पैसे नऊ दिवसांनी आले. मागवण्याआधी जुन्या सेन्सरवरचा आकडा आणि पार्ट नंबर यांचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फुटलेला तुकडा होता म्हणून कळलं.

६ ऑक्टोबरला रजा टाकून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. एक सेन्सर ४,८००, मजुरी वेगळी, माल यायला दहा ते बारा कामाचे दिवस, आणि बाहेरून घेतलेल्या अलॉयमध्ये बसेल की नाही याची हमी नाही. लक्ष्मीपूजन २१ तारखेला होतं आणि १८ ला कारंजाला निघायचं होतं. काउंटरवर उभी राहून दिवस मोजत होते. दिव्याशिवाय पाचशेच्या वर किलोमीटर, तेही बाबा वाट पाहत असताना, मला जायचं नव्हतं.

मार्ग सापडला तो सोसायटीतल्या एका काकांच्या पुतण्यामुळे. त्याने चेंबूरमधल्या एका छोट्या वर्कशॉपचं नाव दिलं. तिथे कोरे, प्रोग्राम करता येणारे सेन्सर मिळतात. फोनवरच मी चार प्रश्न विचारले: ४३३ आहे का, माझ्या गाडीची प्रणाली तुमच्या यंत्रात आहे का, नोंदणी इथेच करून द्याल का, आणि नाही झालं तर सेन्सर परत घ्याल का. चारही उत्तरं हो आली, तेव्हा ११ ऑक्टोबरचा शनिवार ठरवला.

तिथला कारागीर पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने आधी जुन्या दोन सेन्सरची माहिती यंत्रावर वाचली. "ताई, हे दोन चालू आहेत, पण पाच वर्षं झाली. बॅटरी बदलता येत नाही, आत पक्की बंद असते. पाच ते दहा वर्षं धरायची." जुने दोन ठेवून दोनच नवे घालावेत असा माझा विचार होता. पण एकेकाची बॅटरी संपेल तसा दर वेळी टायर सोडवा, बॅलन्सिंग करा. त्यापेक्षा चारही नवे घेतले, प्रत्येकी ३,०००. जुने दोन डबीत घालून, तारीख लिहून ठेवले आहेत.

नव्या सेन्सरचं दोन तऱ्हांनी करता येतं. एक तर जुन्याचा ओळख क्रमांक नव्यात उतरवायचा, म्हणजे गाडीला बदल कळतच नाही. हिवाळ्या-पावसाळ्यासाठी चाकांचे दोन संच ठेवणाऱ्यांना हे सोयीचं. किंवा नवे क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवायचे. माझ्या तुटलेल्या दोघांचे क्रमांक हाताशी नव्हते, म्हणून दुसरा मार्ग घेतला. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर नवे सेन्सर आपोआप ओळखतात, माझी ओळखत नाही.

बसवताना त्याने व्हॉल्व्हचा नट छोट्या टॉर्क पान्याने, सेन्सरच्या डब्यावर छापलेल्या आकड्याइतकाच आवळला. तो आकडा फार लहान असतो. जोर लावला तर देठ चिरतो किंवा रबरी वायसर फाटतो. सेन्सरचं वजन असल्यामुळे चारही चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा झालं. मग हातातलं यंत्र एकेका व्हॉल्व्हजवळ धरलं. ते १२५ किलोहर्ट्झवर सेन्सरला जागं करतं आणि सेन्सर आपला आठ अक्षरी क्रमांक सांगतो. चारही क्रमांक गोळा झाल्यावर स्टिअरिंगखालच्या पोर्टला वायर जोडून ते गाडीत लिहिले. चाकं आणि नोंदणी मिळून दोन तास. बसवणं आणि बॅलन्सिंग १,६००, नोंदणी १,५००.

गाडी बाहेर काढली. पूर्वमुक्त मार्गाच्या दिशेने वेग थोडा वाढला तशी एकेक रेघ जाऊन आकडे उमटले: ३३, ३३, ३४, ३३. सेन्सर गाडी उभी असताना झोपलेले असतात, चाक फिरू लागलं की जागे होतात, त्यामुळे निघताक्षणी आकडे नाही दिसले तर घाबरू नका. माझे डोळे भरून आले, खरंच.

पण एक तपासणी मी परत जाऊन तिथेच केली. मागच्या डाव्या चाकातली चार पीएसआय हवा मुद्दाम सोडली आणि दोन चकरा मारल्या. पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचा आकडा उतरला. क्रमांक लिहिताना मागच्या दोन जागांची अदलाबदल झाली होती. कारागिराने लगेच दुरुस्त केलं, पैसे घेतले नाहीत. हे तपासल्याशिवाय दुकान सोडू नका. अंधारात, हायवेच्या कडेला चुकीच्या चाकाकडे पाहत उभं राहण्यापेक्षा हे बरं. पुढे टायरची अदलाबदल करून घ्याल तेव्हाही जागा पुन्हा नोंदवाव्या लागतील, माझ्यासारख्या गाड्यांत.

आणखी एक गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नव्हती. दिवा कोणत्या आकड्याला लागायचा ते गाडीच्या संगणकात मूळ टायरसाठी ठरवलेलं असतं. चाकं बदलल्याने ते बदलत नाही. अमेरिकेत २००० साली या यंत्रणेसाठी कायदा झाला, आणि तिथल्या नियमात शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागलाच पाहिजे. ३३ चे २५ टक्के म्हणजे सव्वाआठ, म्हणजे दिवा फार तर पंचविशीच्या आसपास लागणार. सोळा आणि सतरा इंची दोन्ही व्हेरिएंटना कंपनी ३३ च सांगते, म्हणून माझा प्रश्न सुटला. पण तुमच्या नव्या टायरला ३८ लागत असतील आणि संगणकात ३३ चा हिशोब असेल, तर बारा-तेरा पीएसआय उतरेपर्यंत दिवा गप्प राहील. कारच्या दारातला स्टिकर आणि नव्या टायरची गरज यांची तुलना करा, फरक असेल तर नोंदणीच्या वेळीच मर्यादा बदलता येते का ते विचारा.

विम्याची पुरवणी ९ ऑक्टोबरला आली होती, जास्तीचा हप्ता ६४० रुपये. दाब मोजायचं डिजिटल गेज ८५० ला घेतलं. सगळा खर्च मिळून ९८,०९० झाला. त्यातले १५,१०० एकट्या दिव्याचे. जुनी रिम विकून १४,००० आले. कुणाला हा आकडा मोठा वाटेल. मलाही वाटला, आणि तो आधी माहीत असता तर मी सुरुवातीलाच त्याची तरतूद केली असती. म्हणून अलॉयचा भाव विचारताना सेन्सरचा भाव त्याच वहीत शेजारी लिहा.

१८ ऑक्टोबरला पहाटे साडेपाचला मुलुंडहून निघालो. गाडी रात्रभर उभी होती, चारही आकडे ३३. भिवंडीजवळच्या आमणेला समृद्धीवर चढलो. दुपारी काँक्रीटवर आकडे ३८ झाले, उन्हाच्या बाजूला ३९. दर पाच-सहा अंश सेल्सिअसला साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे हे अपेक्षितच. एका पंपावर पोरगा म्हणाला, "हवा जास्त आहे, ३३ करून देतो." मी नको म्हटलं. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गरम असताना सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी २८ दिसणार. फोनवरच्या नकाशाचा वेग आणि गाडीच्या वेगाचा काटाही ताडून पाहिला. पूर्वी काटा शंभर दाखवताना फोन ९५-९६ दाखवायचा, आता ९८ दाखवतो. म्हणजे काट्यातली ती सूट बरीचशी संपली, आणि १२० ची मर्यादा पाळताना काट्यावर पूर्वीसारखं दोन-चार वर जाऊन चालणार नाही. किलोमीटरही अडीच टक्के कमी मोजले जातात, तेव्हा इंधनाची सरासरी घटल्यासारखी दिसली तर इंजिनाला दोष देऊ नका.

स्टेपनी सोळा इंचीच आहे, सेन्सर नसलेली. ती लावली तर ऐंशीच्या आत, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच. आणि पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत शक्यतो मागे. पुढचं चाक गेलं असेल तर मागचं चांगलं पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. दोन वेगवेगळ्या व्यासांची चाकं इंजिनाच्या ओढीखाली फिरवू नयेत.

१५ नोव्हेंबरला सकाळी भाजी आणायला निघाले आणि ऐरोली पुलाकडून परत येताना दिवा लागला. लुकलुकला नाही, सरळ लागला. पुढचं डावं, २६. खाली उतरून पाहिलं तर चाक डोळ्यांना पूर्ण भरलेलं वाटत होतं, पायाने दाबूनही काही कळेना. एलबीएस मार्गावरच्या पंक्चरवाल्याला नक्षीत घुसलेला स्क्रू सापडला. त्याने फोमची बाटली उचलली. मी म्हटलं, "भाऊ, आत सेन्सर आहे, फोम नको. त्याने सेन्सरचं तोंड बुजतं." त्याने बाटली खाली ठेवली, बाहेरूनच दोरीचं पंक्चर काढलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासले आणि माझ्या गेजवर पाहत ३३ हवा भरली. दीडशे रुपये घेतले.

मुलुंड चेकनाक्याचा सिग्नल यायच्या आत दिवा विझला.